मेंदूला हादरा बसलेल्या किशोरांची झोप

डोक्यावर आदळून मेंदूला हादरा, म्हणजे कन्कशन, बसलेल्या किशोरवयीन मुलामुलींची झोप पुन्हा रुळावर आणण्यासाठी घ्यायची काळजी. अशा दुखापतीत सीटी स्कॅन बहुधा साफ येतो, पण मेंदूचे काम काही काळ विस्कटलेले असते. सुरुवातीचे दिवस मूल एरवीपेक्षा जास्त झोपते. पुढे अनेकांचे उलटे होते: रात्री डोळा लागत नाही, दिवसा पेंग येते. त्यात वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वेळ झाल्याचे शरीराला सांगणारे संप्रेरक, मुळातच उशिरा स्रवू लागलेले असते. झोप बिघडली की डोकेदुखी आणि चिडचिडही लांबते.

बडोद्यात १४ जानेवारीच्या उत्तरायणाला पतंगामागे धावताना मुले अगाशीवरून पडतात. दांडिया बाजार, रावपुऱ्याकडच्या मराठी घरांतही मग पहिली सूचना मिळते ती ‘त्याला झोपू देऊ नका’ हीच. हा धाक अर्धाच खरा. डॉक्टरांनी तपासून घरी पाठवलेल्या मुलाला खुशाल झोपू द्यावे. मात्र वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, झटका (फिट), असंबद्ध बोलणे किंवा हलवूनही नीट जाग न येणे यांपैकी काही दिसले, तर तडक रुग्णालय गाठावे. दुसऱ्याच दिवशी वासी उत्तरायण, म्हणजे पतंगांचा दुसरा दिवस, असते. शेजारच्या अगाशीवरचे स्पीकर काही थांबणार नाहीत, तेव्हा अंथरूण मागच्या खोलीत हलवणे बरे.

अंधाऱ्या खोलीत आठवडाभर निजवून ठेवण्याची जुनी रीत आता मागे पडली आहे. २०२२ मध्ये ॲमस्टरडॅमला झालेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने पहिले ४८ तास मोबाइल-टीव्ही कमी ठेवून बेताची विश्रांती आणि सोबत हलके चालणे सुचवले. त्यानंतर सर्वांत जास्त सांभाळायची ती उठण्याची एकच ठरलेली वेळ, अगदी रविवारीसुद्धा. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते. सकाळचे ऊन घ्यावे, दुपारची डुलकी आखूड असावी, संध्याकाळचा चहा-कॉफी बंद. घरातल्या मोठ्यांच्या झोपेच्या गोळ्या मुलाला कदापि देऊ नयेत. मेलाटोनिनही डॉक्टरांना विचारूनच. निद्रानाश रेंगाळला तर सवयी व विचार बदलणारी वर्तनोपचार पद्धती वापरतात.

खरी ओढाताण होते ती अभ्यासाची. उत्तरायणानंतर थोड्याच आठवड्यांत बोर्डाची परीक्षा येते आणि बुडालेला अभ्यास रात्री जागून भरून काढायचा आग्रह घरचेच धरतात. त्यापेक्षा शाळेला कळवून गृहपाठ कमी करून घ्यावा. बहुतेक मुले महिनाभरात बरी होतात. त्यापुढे त्रास राहिल्यास तज्ज्ञांना दाखवावे. क्रिकेट, मल्लखांब पुन्हा सुरू करायचे ते शाळा पूर्ववत झाल्यावर आणि डॉक्टरांनी होकार दिल्यावरच.