क्रेडिट ट्रान्सफर : कम्युनिटी कॉलेजातून विद्यापीठाकडे

अमेरिकेतील कम्युनिटी कॉलेजात पुऱ्या केलेल्या अभ्यासक्रमांची क्रेडिट्स, म्हणजे श्रेयांक, चार वर्षांच्या विद्यापीठाने आपल्या पदवीसाठी जमेस धरण्याची पद्धत. विद्यार्थी पहिली दोन वर्षे घराजवळच्या स्वस्त कॉलेजात काढतो, उरलेली दोन विद्यापीठात, आणि पदवीच्या कागदावर नाव येते ते फक्त विद्यापीठाचे. या वाटेला बोलण्यात ‘टू प्लस टू’ म्हणतात. बेरीज सोपी दिसते, पण ती जुळवताना अनेकांची एखादी-दोन सत्रे जास्तीची खर्ची पडतात. कारण क्रेडिट विद्यापीठात पोचणे आणि ते पदवीच्या अटींत नेमक्या जागी बसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुढच्या नोंदीत मुख्यतः कॅलिफोर्नियाचे उदाहरण घेतले आहे; या वाटेवर सर्वाधिक वर्दळ तिथेच आहे आणि नियमांचे जंगलही तिथेच सर्वांत दाट आहे.

माप : क्रेडिट किंवा युनिट हे मुळात वेळेचे माप. आठवड्याला एक तास वर्ग आणि त्यामागे दोन तास स्वतःचा अभ्यास, असे साधारण १५ आठवडे केले की सेमिस्टरचे एक युनिट होते. या हिशेबाचे मूळ प्राध्यापकांच्या पेन्शनमध्ये आहे, हे वाचून गंमत वाटेल. १९०६ च्या सुमारास कार्नेगी फाउंडेशनने कॉलेजच्या प्राध्यापकांसाठी निवृत्तिवेतन सुरू केले आणि कोणती संस्था ‘खरे कॉलेज’ धरायची हे ठरवताना हायस्कूलच्या अभ्यासाचे तासांवर आधारलेले एकक मान्य करायला लावले. पेन्शन हवी म्हणून कॉलेजांनी ते स्वीकारले आणि पुढे सगळे उच्च शिक्षणच तासांच्या हिशेबात मोजले जाऊ लागले. असोसिएट पदवीला, म्हणजे कम्युनिटी कॉलेजच्या दोन वर्षांच्या पदवीला, ६० सेमिस्टर युनिट लागतात, चार वर्षांच्या बॅचलर पदवीला १२०. काही संस्था मात्र क्वार्टर पद्धतीने, म्हणजे दहाएक आठवड्यांच्या सत्रांनी, चालतात. त्यांचे युनिट सेमिस्टर युनिटच्या दोन तृतीयांश असते, म्हणून तिथे पदवीला १८० युनिट लागतात.

पूर्वपीठिका : शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष विल्यम रेनी हार्पर यांनी पदवीचे पहिले आणि शेवटचे अर्ध असे दोन तुकडे पाडले आणि पहिल्याला ‘ज्युनिअर कॉलेज’ असे नाव दिले. त्यांच्या प्रेरणेने इलिनॉयमधील जोलिएट येथील हायस्कूलचे प्रमुख जे. स्टॅन्ली ब्राउन यांनी १९०१ मध्ये शाळेला जोडूनच दोन वर्षांचा कॉलेज-अभ्यास सुरू केला. आज जोलिएट हे देशातील सर्वांत जुने चालू सार्वजनिक कम्युनिटी कॉलेज मानले जाते. कॅलिफोर्नियाने १९०७ मध्ये हायस्कुलांना असे वर्ग काढण्याची कायद्याने मुभा दिली आणि १९१० मध्ये फ्रेस्नोला तसे वर्ग भरू लागले. ‘कम्युनिटी कॉलेज’ हे नाव रूढ झाले ते राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांनी नेमलेल्या उच्च शिक्षण आयोगाच्या १९४७ च्या अहवालामुळे. दुसऱ्या महायुद्धावरून परतलेल्या सैनिकांना ‘जी. आय. बिल’ या कायद्याने शिक्षणाचा खर्च दिला होता आणि वर्ग तुडुंब भरत होते.

कॅलिफोर्नियाची व्यवस्था : १९६० च्या मास्टर प्लॅनने राज्याच्या उच्च शिक्षणाची तीन मजल्यांची इमारत आखली. हायस्कूलच्या वरच्या एक अष्टमांश विद्यार्थ्यांना युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया (यूसी), वरच्या एक तृतीयांशांना कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी (सीएसयू), आणि येईल त्या प्रत्येकाला कम्युनिटी कॉलेज. दार इतके अरुंद ठेवायचे तर आतून जिना हवाच, म्हणून ट्रान्सफरची तरतूद झाली. वरच्या दोन संस्थांनी आपल्याकडे शेवटच्या दोन वर्षांचे विद्यार्थी ६० टक्के आणि पहिल्या दोन वर्षांचे ४० टक्के असे प्रमाण राखावे, म्हणजे मधल्या वर्षी खालून येणाऱ्यांना जागा उरेल, असे ठरले. ट्रान्सफर विद्यार्थ्याला तिथे कोणी मागल्या दाराने आलेला समजत नाही, याचे कारण हा आराखडा. यूसीमध्ये ट्रान्सफर होऊन येणाऱ्या दहांपैकी नऊ जण राज्याच्याच कम्युनिटी कॉलेजांतले असतात.

आज राज्यात अशी ११६ कॉलेजे आहेत, त्यांपैकी एक पूर्णतः ऑनलाइन. राज्याच्या रहिवाशाला २०१२ पासून युनिटमागे ४६ डॉलर पडतात. वर्षाची ३० युनिट घेतली तर १,३८० डॉलर. यूसीची रहिवाशांसाठीची वर्षाची फी याच्या दहापट तरी आहे.

करार : कोणता कोर्स कुठे चालेल हे ‘आर्टिक्युलेशन’ करारांनी ठरते. हे सर्व करार ‘असिस्ट’ नावाच्या सार्वजनिक संकेतस्थळावर पाहायला मिळतात आणि कॅलिफोर्नियातल्या ट्रान्सफरेच्छू मुलाच्या ब्राउझरमध्ये हे पान कायम उघडे असते. आपले कॉलेज, हवे ते विद्यापीठ आणि मेजर, म्हणजे पदवीचा मुख्य विषय, निवडले की दोन रकाने समोर येतात. डावीकडे विद्यापीठाला लागणारा कोर्स, उजवीकडे त्याच्या बदल्यात चालणारा तुमच्या कॉलेजचा कोर्स, मध्ये बाण. कधी डावीकडच्या एका कोर्ससाठी उजवीकडे दोन कोर्स ‘आणि’ या शब्दाने जोडलेले असतात. त्यातला एकच केला असेल तर पूर्ण झाले असे धरत नाहीत. आणि कधी उजव्या रकान्यात नुसतेच लिहिलेले असते, ‘नो कोर्स आर्टिक्युलेटेड’. म्हणजे तो विषय एकतर विद्यापीठात जाऊन करा, नाहीतर शेजारच्या एखाद्या कॉलेजात जाऊन. एकाच वेळी दोन-दोन कॉलेजांत नाव घालणारी मुले दिसतात ती यामुळे.

मेजरखेरीज सर्वसाधारण शिक्षणाचे विषय असतात : इंग्रजी लेखन, गणित, विज्ञान, कला, सामाजिक शास्त्रे वगैरे. यासाठी यूसी आणि सीएसयूचे वेगवेगळे नमुने होते. २०२५ च्या फॉल सत्रापासून दोन्हींसाठी ‘कॅल-जीईटीसी’ हा किमान ३४ युनिटांचा एकच नमुना आला. तो पुरा करून दाखला घेतला की पहिल्या दोन वर्षांचे हे विषय विद्यापीठात पुन्हा करावे लागत नाहीत. २०१० च्या कायद्याने ‘असोसिएट डिग्री फॉर ट्रान्सफर’ही सुरू झाली. ती ६० युनिटांत मिळवणाऱ्याला सीएसयूमध्ये प्रवेशाची हमी मिळते आणि त्याच्याकडून पुढे आणखी ६०च युनिट मागता येतात. हमी संपूर्ण सीएसयूमधील कुठल्यातरी कॅम्पसची असते, आवडत्या कॅम्पसची नव्हे. यूसीच्या सहा कॅम्पसांची ‘टॅग’ नावाची हमी वेगळी आहे. डेव्हिस, अर्व्हाइन, मर्सेड, रिव्हरसाइड, सांता बार्बरा आणि सांता क्रूझ. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो ती देत नाहीत, आणि मुलांना बहुधा जायचे असते ते नेमके याच तिघांत.

क्रेडिट कुठे गळते : विद्यापीठाने ‘तुमची ६४ युनिट स्वीकारली’ असे कळवले की घरात आनंद होतो. मग सल्लागारासमोर बसल्यावर समजते की त्यातली काही युनिट मेजरमध्ये गेली, काही सर्वसाधारण शिक्षणात, आणि उरलेली ‘इलेक्टिव्ह’ म्हणून बाजूला पडली आहेत. इलेक्टिव्ह युनिटांनी एकूण आकडा भरतो, पण मेजरची एकही अट सुटत नाही. समजा दुसऱ्या वर्षी मेजर मानसशास्त्रावरून कॉम्प्युटर सायन्सकडे वळवला. आधीचे कोर्स नीट उत्तीर्ण आहेत, ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे गुणपत्रिकेवर, ‘ए’ आहेत, तरी नव्या मेजरच्या दृष्टीने ते बहुतांशी बिनकामाचे ठरतात.

वरून मर्यादा आहेतच. कम्युनिटी कॉलेजातून यूसी जास्तीत जास्त ७० सेमिस्टर युनिट मोजते. त्यापलीकडच्या कोर्सने विषयाची अट सुटू शकते, युनिट मात्र वाढत नाहीत. कॉलेजचे कोर्स ‘लोअर डिव्हिजन’ समजले जातात. विषयाचा पुढचा, ‘अपर डिव्हिजन’चा भाग विद्यापीठातच करावा लागतो. शिवाय पदवी देणारी संस्था शेवटची काही युनिट आपल्याच वर्गात झालेली मागते. सीएसयूमध्ये ती ३० आहेत. आणि यूसीत गेल्यावर ग्रेडची सरासरी शून्यापासून सुरू होते. जुन्या ग्रेडांनी प्रवेश मिळवून दिला, एवढ्यावर त्यांचे काम संपते.

दिनदर्शिकेचा घोळ सगळ्यांत चिवट. क्युपर्टिनोच्या डी अँझा कॉलेजात क्वार्टर पद्धत आहे. तिथे कॅल्क्युलस ‘मॅथ वन ए’ ते ‘वन डी’ अशा चार भागांत शिकवतात, प्रत्येकी पाच युनिटांचे. सेमिस्टरच्या कॉलेजांत हाच मजकूर सहसा तीन भागांत असतो. चार भागांची २० क्वार्टर युनिट म्हणजे १३⅓ सेमिस्टर युनिट, एवढे त्रैराशिक कुणालाही जमते. पण दोन भाग करून मधेच सेमिस्टरच्या संस्थेत गेलेला विद्यार्थी पहिल्या कोर्सच्या पुढे आणि दुसऱ्याच्या अलीकडे असा अडकतो. शिकलेल्यातला काही भाग पुन्हा शिका किंवा न शिकलेला काही भाग स्वतः भरून काढा, यांतून एक निवडावे लागते. म्हणून एखादी मालिका सुरू केलेल्या संस्थेतच संपवावी, असा सल्ला काउन्सेलर पहिल्याच भेटीत देतात.

नावांचाही प्रश्न होता. पहिल्या वर्षाच्या इंग्रजी लेखनाच्या कोर्सला लॉस एंजेलिसमध्ये ‘इंग्लिश १०१’ म्हणायचे, डी अँझात ‘ईडब्ल्यूआरटी वन ए’. फ्लोरिडाने १९७० च्या दशकातच राज्यभर एकसारखे क्रमांक लावून टाकले. कॅलिफोर्नियाने असा कायदा केला २०२१ मध्ये. आता तोच कोर्स सगळीकडे ‘इंग्लिश सी १०००’ होत चालला आहे. पन्नास वर्षांचा हा उशीर ज्यांच्या खिशाला लागला त्यांची गणती कुणी ठेवलेली नाही.

राज्याबाहेर किंवा खासगी विद्यापीठात जायचे तर हे करार बंधनकारक नसतात. काही खासगी विद्यापीठे स्वतः करार करतात. नसेल तिथे अभ्यासक्रमाचे पत्रक धाडायचे आणि संबंधित विभागातला प्राध्यापक ते वाचून निर्णय देतो. म्हणून जुनी पत्रके जपून ठेवावीत. पाच वर्षांनी कॉलेजकडे मागायला गेलात तर मिळतीलच याचा भरवसा नाही.

फलित : अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अंदाजानुसार २००४ ते २००९ या काळात संस्था बदललेल्या विद्यार्थ्यांची सरासरी ४३ टक्के क्रेडिट्स वाया गेली. यात सर्व प्रकारचे बदल धरले आहेत; नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थांतून आलेल्यांचे हाल जास्त झाले, कारण त्यांच्या मान्यता इतर विद्यापीठे सहसा मानत नाहीत. कम्युनिटी कॉलेजात पाऊल टाकणाऱ्यांपैकी सुमारे ८० टक्के जण बॅचलर पदवीची इच्छा सांगतात आणि सहा वर्षांत साधारण १६ टक्केच ती मिळवतात. मास्टर प्लॅन आला त्याच १९६० मध्ये समाजशास्त्रज्ञ बर्टन क्लार्क यांनी सॅन होझेच्या कॉलेजाचा अभ्यास करून म्हटले होते, की अशा संस्था उघड नकार न देता विद्यार्थ्याची महत्त्वाकांक्षा हळूहळू ‘थंड’ करतात. कॉलेजांना हे वर्णन झोंबले. वरचे आकडे पाहता ते पूर्ण खोडून काढणेही अवघड आहे.

ही वाट नीट पार केलेल्यांत आयलीन कॉलिन्स आहेत. न्यूयॉर्क राज्यातील कॉर्निंग कम्युनिटी कॉलेजातून त्यांनी १९७६ मध्ये असोसिएट पदवी घेतली, दोनच वर्षांत सिरॅक्यूज विद्यापीठाची बॅचलर. १९९९ मध्ये त्या अमेरिकी अंतराळयानाचे नेतृत्व करणाऱ्या पहिल्या महिला झाल्या. त्या फेरीत यानाने नेलेल्या दुर्बिणीचे नाव ‘चंद्रा’, सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्यावरून ठेवलेले.

मराठी संदर्भ : क्युपर्टिनो, फ्रीमाँट, सॅन होझे भागातील मराठी घरांत कम्युनिटी कॉलेज हा शब्द अजून जरा आवाज खाली करून उच्चारला जातो, मार्क कमी पडले असणार, असा सुप्त अर्थ त्याला चिकटला आहे. गंमत अशी की याच घरांतली हायस्कूलची मुले उन्हाळ्यात त्याच कॉलेजात कोर्स करून विद्यापीठासाठी युनिट साठवत असतात आणि ते मात्र कौतुकाने सांगितले जाते. भारतातून एफ-वन व्हिसावर थेट आलेल्या विद्यार्थ्याला ४६ डॉलरचा दर मिळत नाही, त्याला अनिवासी दराने कितीतरी पट फी भरावी लागते. त्याच्या बाबतीत ‘ट्रान्सफर’चे अर्थही दोन : एक युनिटांचा, दुसरा परदेशी विद्यार्थ्यांच्या ‘सेव्हिस’ या सरकारी नोंदीचा. पहिला निस्तरताना दुसरा विसरला तर व्हिसाच धोक्यात येतो.

महाराष्ट्रात यासारखे म्हणता येईल असे आहे ते डिप्लोमानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला मिळणारा प्रवेश. फरक असा, की पॉलिटेक्निकच्या विद्यार्थ्याचे पहिले वर्ष गठ्ठ्याने माफ होते. कोणता विषय कशाच्या बदल्यात, हा काथ्याकूट त्याला करावा लागत नाही. गणित कच्चे राहिले तर ते दुसऱ्या वर्षाच्या निकालात दिसते. अमेरिकी पद्धतीच्या जवळ जाणारी सोय म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ मध्ये सुरू केलेली ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’. तिच्यात श्रेयांक कमाल सात वर्षे साठवता येतात आणि पदवी देणाऱ्या संस्थेत निदान निम्मे श्रेयांक मिळवलेले असावे लागतात. खाते उघडले, श्रेयांक जमा झाले. पण एका विद्यापीठाचा अमुक पेपर दुसऱ्याच्या कोणत्या पेपराऐवजी चालेल, हे कुणालाही बघता येईल असे ‘असिस्ट’सारखे दोन रकान्यांचे पान या बँकेच्या पासबुकात नाही.