पार्श्वभूमी : नव-नाझी टोळ्या सोडून आलेल्यांचं काय करायचं?

ऑगस्ट २०११ मध्ये जर्मनीतल्या गेरा शहरी अतिउजव्यांच्या संगीत महोत्सवात कवटी छापलेले २५० टी-शर्ट फुकट वाटले गेले. घरी धुतल्यावर कवटी गेली आणि खालून मजकूर उमटला : तुझ्या टी-शर्टला जमतं ते तुलाही जमेल, बाहेर पडायला आम्ही मदत करू. हा खोडसाळपणा ‘एक्झिट-जर्मनी’ या, नव-नाझींना चळवळीतून बाहेर पडायला मदत करणाऱ्या संस्थेचा.

तिची मुळं उत्तरेकडची. नॉर्वेत संशोधक तूरे ब्यॉर्गो यांच्या अभ्यासातून १९९७ मध्ये असा पहिला उपक्रम उभा राहिला. पुढच्याच वर्षी स्वीडनमध्ये केंट लिंडाल या माजी नव-नाझीनेच तो सुरू केला. २००० मध्ये जर्मनीत जोडी जमली ती मात्र विलक्षण : एकेकाळी पूर्व जर्मन पोलिसांत स्किनहेड (मुंडण केलेल्या, बऱ्याचदा वंशद्वेष्ट्या तरुणांच्या) टोळ्यांचा अभ्यास केलेले बेर्न्ड वाग्नर आणि बर्लिनमधल्या नव-नाझींचा माजी म्होरक्या इंगो हासेलबाख. १९९३ मध्ये हासेलबाखने चळवळ सोडली, तेव्हा जुन्या साथीदारांच्या लेखी तो गद्दार ठरला. त्याच्या आईच्या घरी पार्सल-बॉम्ब आला; नशिबाने फुटला नाही.

समाजाचा संशय वेगळा, आणि तो अनाठायी म्हणता येणार नाही. २०११ च्याच नोव्हेंबरात ‘एनएसयू’ या नव-नाझी टोळीने केलेले दहा खून उघडकीला आले. थुरिंगिया राज्यातल्या ज्या वर्तुळातून ती टोळी निघाली, तिथला एक नेता गुप्तचर खात्याचा पगारी खबऱ्या होता आणि ते पैसे चळवळीतच ओतत होता. नुसत्या ‘मी आतून बदललो’वर कोण भरवसा ठेवील? शिवाय गुन्हा करून आलेल्याला व्यासपीठ आणि ज्याने मार खाल्ला तो श्रोत्यांत, ही तक्रार माझ्या मते सगळ्यात रास्त आहे.

अमेरिकेत मात्र ती मांडणी एकदा उलटली. ५ ऑगस्ट २०१२ रोजी विस्कॉन्सिनमधल्या ओक क्रीकच्या गुरुद्वारात वेड मायकल पेजने सहा जणांना ठार केलं. जखमी झालेले सातवे २०२० मध्ये गेले. पेज ‘हॅमरस्किन्स’ या गोऱ्या वर्चस्ववादी स्किनहेड संघटनेचा सदस्य होता. तिथल्या स्किनहेड टोळ्या उभारणाऱ्यांपैकी आर्नो मायकेलिस नव्वदच्या दशकातच बाहेर पडला होता. मृतांत गुरुद्वाराचे अध्यक्ष सतवंतसिंग कालेका होते. त्यांचा मुलगा परदीप, आधी पोलीस आणि मग शिक्षक, यानेच मायकेलिसला गाठून विचारलं : असं का झालं? पुढे दोघे मिळून शाळांमध्ये जाऊ लागले. इथे प्रश्न विचारायचा आणि पुढे सोबत घ्यायचं की नाही हे ठरवायचा हक्क पीडिताच्या मुलाकडे होता.

सरकारचं धोरण मात्र धरसोडीचं राहिलं. मायकेलिसचाही स्थापनेत हात असलेल्या ‘लाइफ आफ्टर हेट’ या, अशा टोळ्या सोडणाऱ्यांना मदत करणाऱ्या संस्थेला ओबामा प्रशासनाने जाता जाता, जानेवारी २०१७ मध्ये, चार लाख डॉलरचं अनुदान जाहीर केलं. ट्रम्प प्रशासनाने ते जूनमध्ये काढून घेतलं. ऑगस्टमध्ये शार्लट्सव्हिल शहरात मशाली घेऊन गोरे वर्चस्ववादी उतरले आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्यातल्या एका तरुणाने विरोधकांच्या गर्दीत गाडी घातली. त्यात हेदर हायर मारली गेली.