घड्याळ, घट आणि वाटेतला दगड

विहिरीवर झुकलेल्या बाभळीला सुगरणीचे खोपे लोंबत असतात. खाली उभं राहून बघणाऱ्याच्या तोंडून दोनपैकी एक वाक्य हमखास निघतं. "एवढं बारीक काम आपोआप कसं होईल?" किंवा "कुणी केल्याशिवाय काही होतं का?" खोपा पक्ष्याने विणला हे त्यालाही ठाऊक असतं; त्याला विचारायचं असतं ते त्या पक्ष्याबद्दल, चोचीबद्दल, एकूण सजीव सृष्टीबद्दल. आणि बोलणाऱ्याला वाटतं, दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच.

तो एक नाही. दोन्हींमागे सृष्टीला कर्ता, म्हणजे ईश्वर, आहे असं सिद्ध करू पाहणारा एकेक जुना युक्तिवाद आहे. पहिल्या वाक्यामागे १८०२ साली इंग्लंडमध्ये छापलेलं एक घड्याळ आहे, दुसऱ्यामागे त्याहून आठशे वर्षं जुनं, मिथिलेचं मडकं. "आपल्याकडे हाच युक्तिवाद आधीच झाला होता" असं अभिमानाने सांगणारेही त्या दोघांची गल्लत करतात, आणि "डार्विनने हे सगळं निकालात काढलं" म्हणणारेही करतात.

घड्याळ विल्यम पेली या इंग्लिश धर्मगुरूचं. 'नॅचरल थिऑलॉजी' या पुस्तकाच्या सुरुवातीला तो एका माळरानावरून चालतो आहे. पायाला दगड लागला आणि कुणी विचारलं की हा इथे कसा आला, तर "असेल कायमचाच इथे" हे उत्तर चालून जाईल, असं तो म्हणतो. पण जमिनीवर घड्याळ सापडलं तर तेच उत्तर चालणार नाही. आत स्प्रिंग आहे, दातेरी चक्रं आहेत, काट्यांवर काच आहे, आणि हे सगळं वेळ दाखवण्याच्या एका कामासाठी जुळलेलं आहे. दाते थोडे वेगळे असते तर घड्याळ चाललंच नसतं. तेव्हा कुणीतरी कारागीर असलाच पाहिजे. मग पेली डोळ्याकडे वळतो, दुर्बिणीशी त्याची तुलना करतो, आणि पुढे पानंच्या पानं प्राण्यांचे अवयव सोलून दाखवतो. त्या काळाच्या मानाने त्याचं शरीररचनेचं वाचन दांडगं होतं, हे मान्य करायला हवं.

मडकं न्यायदर्शनाचं, म्हणजे तर्कावर भर देणाऱ्या भारतीय तत्त्वज्ञानाच्या शाखेचं; तिच्या अनुयायांना नैयायिक म्हणतात. मिथिलेच्या उदयनाचार्यांनी दहाव्या शतकाच्या उत्तरार्धाच्या आसपास 'न्यायकुसुमांजली' या ग्रंथात ईश्वरसिद्धीसाठी युक्तिवादांची रांगच लावली. त्यातला पहिला पुढे विद्यार्थ्यांच्या पाठांतरात असा स्थिरावला: अङ्कुरादिकं सकर्तृकं, कार्यत्वात्, घटवत्. अंकुर वगैरेंना कर्ता आहे, कारण ती कार्यं आहेत, जसा घट. कार्य म्हणजे जे आधी नव्हतं आणि नंतर झालं. बस, एवढंच. नाजूकपणा नाही, गुंतागुंत नाही, सौंदर्य नाही. कुठल्याही कुंभारवाड्यात ढिगाने मिळणारी साधीसुधी वस्तू दाखल्याला घेतली आहे.

दोन्ही युक्तिवाद जीवसृष्टीकडे बोट दाखवतात, दोन्हींत कारागिराची उपमा आहे, म्हणून ते भावंडांसारखे दिसतात. वेगळे ओळखायचे असतील तर पेलीने पायाने बाजूला सारलेला तो दगड परत उचलायचा. पेलीला दगड निरुपयोगीच असायला हवा. दगड कर्त्याशिवाय चालतो, घड्याळ चालत नाही, या फरकातच त्याच्या म्हणण्याचा सगळा जोर आहे. नैयायिक मात्र दगड सोडणार नाही. दगडाला अवयव आहेत, म्हणजे तो कशाचा तरी बनला आहे, म्हणजे कार्य आहे, म्हणजे त्यालाही कर्ता आहे. त्याच्या लेखी दगड, डोंगर, गवताची काडी आणि माणसाचा डोळा एकाच रांगेत बसतात. डोळा गुंतागुंतीचा आहे म्हणून त्याला जास्त गुण नाहीत.

त्यांचे कर्तेही निराळे. न्यायातला ईश्वर खरोखर कुंभारासारखा आहे: तो माती बनवत नाही. परमाणू नित्य, आत्मे नित्य, जीवांचं अदृष्ट, म्हणजे पूर्वकर्मांचा साठा, आधीपासून आहेच; तो फक्त जुळणी करणारं निमित्तकारण, म्हणजे घडवणारा. पेलीचा देव शून्यातून जग करणारा ख्रिस्ती देव आहे, पण घड्याळ तिथवर पोचवत नाही. घड्याळजी पितळ कुठे बनवतो?

आपल्या परंपरेत घड्याळाच्या जातीचा युक्तिवाद नव्हताच असंही नाही. सांख्य दर्शन जगाचं मूळ एका अचेतन तत्त्वात, 'प्रधाना'त, मानतं; त्याला विरोध करताना शंकराचार्य ब्रह्मसूत्रभाष्यात (२.२.१) घरं, वाडे, शयनासनं, विहारभूमी यांचे दाखले देतात. अशा रचना बुद्धिमान कारागिरांकडूनच होतात, मग हे विश्व जड प्रधानाकडून कसं होईल, असा त्यांचा सवाल आहे. इथे नुसतं 'झालं' म्हणून नव्हे, तर 'रचलेलं दिसतं' म्हणून कर्ता मागितला आहे. पेलीचा भाऊ शोधायचाच असेल तर तो या पानावर सापडेल.

आता डार्विन. केंब्रिजला शिकताना त्याने पेली मन लावून वाचला होता. पुढे आत्मचरित्रात त्याने लिहिलं की एकेकाळी निर्णायक वाटलेला तो युक्तिवाद नैसर्गिक निवडीचा नियम सापडल्यावर टिकत नाही. १८५९ साली त्याने घड्याळाच्या बरोबर मर्मावर बोट ठेवलं: कामासाठी चोख जुळलेली रचना आधी आराखडा नसतानाही उभी राहू शकते. पिढीगणिक थोडे फरक पडतात, उपयोगी पडणारा फरक टिकतो, त्यावर पुढचा चढतो. डोळ्याचंच घ्या. स्वीडनमधल्या डॅन-एरिक नील्सन आणि सुझान पेल्गर यांनी १९९४ साली गणित मांडलं. प्रकाश जाणवणाऱ्या पेशींच्या सपाट पट्ट्यापासून निघून, दर वेळी १ टक्का बदल धरत, भिंग असलेल्या डोळ्यापर्यंत १,८२९ पायऱ्या लागतात. आणि अगदी कंजूष अंदाज धरले तरी ४ लाखांहून कमी पिढ्या पुरतात. प्रकाश जाणवणारी पेशी मुळात कुठून आली, हे त्या गणिताच्या बाहेर आहे. पण "अर्धा डोळा काय कामाचा" या प्रश्नाला तेवढं पुरतं. शिवाय डोळ्याची रचना तितकी चोखही नाही: आपल्या डोळ्यात प्रकाश टिपणाऱ्या पडद्याच्या नसा पुढून येतात आणि बाहेर पडताना त्यांना पडद्यालाच भोक पाडावं लागतं. तिथे आपल्याला काही दिसत नाही. ऑक्टोपसच्या नसा मागून जातात, त्याला ही अडचण नाही.

मडक्याला यातलं काहीच लागत नाही. नैयायिक शांतपणे म्हणेल, मडक्याला कुंभार लागतो तसा दांडा लागतो, चाकही लागतं. तुमच्या डार्विनने चाक फार छान समजावून सांगितलं. उत्तर चोख आहे. मला त्यात एकच गोष्ट खटकते: जगात काहीही घडलं तरी हे उत्तर बदलणार नाही. घड्याळ हरू शकलं, कारण त्याने काही ठाम सांगितलं होतं.

मडक्याला फोडायचा प्रयत्न झाला तो इथेच, आणि डार्विनच्या फार आधी; उदयनांच्याही आधी, कारण हा युक्तिवाद न्यायात त्यांच्यापूर्वीही होता. सातव्या शतकातल्या धर्मकीर्ती या बौद्ध आचार्यांनी वारूळ पुढे केलं. घट मातीचा विकार आहे आणि तो कुंभार करतो. वारूळही मातीचाच विकार. मग वारूळही कुंभाराने केलं म्हणायचं का? 'कार्य' हा शब्द दोन्हीकडे एकच आहे, म्हणून वस्तू एकच होत नाही. ज्या तऱ्हेची रचना कर्त्याच्या हातून होताना आपण पाहिली आहे, तिच्यावरूनच कर्त्याचं अनुमान काढता येतं.

हा दाखला मला पुन्हा पुन्हा आठवतो, कारण तो नैयायिकाला कोंडीत पकडतो. 'नुसतं कार्य' पुरत नसेल तर 'अमुक तऱ्हेची रचना' असं म्हणावं लागेल. आणि तसं म्हटलं की मडक्याचं घड्याळ होतं, दाराशी डार्विन उभाच असतो. वारुळाचीही पुढची गोष्ट आहे. फ्रेंच शास्त्रज्ञ पिएर-पॉल ग्रासे यांनी १९५९ साली वाळवीच्या बांधकामावर लिहिलं. एक वाळवी मातीची गोळी ठेवते, ती गोळीच दुसरीला तिथे गोळी ठेवायला उद्युक्त करते, खांब उभे राहतात, कमानी जुळतात. अख्ख्या वारुळाचा नकाशा कुणाच्याच डोक्यात नसतो.

बाकीचे आक्षेप थोडक्यात. रानात कुणी न पेरता गवत उगवतं, त्याचा कर्ता कुठे दिसतो? नैयायिक म्हणतो, गवत हाच तर वादाचा विषय, तो उलट दाखला म्हणून कसा देता? तर्काच्या नियमाने बरोबर, ऐकणारा मात्र चरफडतो. मीमांसा दर्शनाचे आचार्य कुमारिल भट्ट विचारतात की प्रयोजनाशिवाय मूर्खही कामाला लागत नाही, मग पूर्ण असलेल्या ईश्वराला कशाची उणीव होती? आणि रामानुजाचार्य, स्वतः ईश्वर मानणारे, म्हणतात की मोठी कामं अनेकांच्या हातून आणि निरनिराळ्या वेळी होतात, तेव्हा अनुमानाने एकच कर्ता सिद्ध होत नाही. ईश्वर कळतो तो शास्त्रातून. स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूमच्या धर्मावरच्या १७७९ सालच्या संवादांत जहाजाच्या दाखल्याने जवळपास हाच मुद्दा येतो. युक्तिवाद नाकारणारा नास्तिकच असतो, ही समजूत रामानुजांपाशी गळून पडते.

सौंदर्याचा प्रश्न उरतो. मडक्याला सौंदर्याची गरजच नाही. वेडंवाकडं मडकंही कार्यच. घड्याळाची भिस्त उपयोगावर, त्यामुळे निरुपयोगी देखणेपण तिथे थोडं अवघडूनच बसतं. गंमत म्हणजे त्याचा जास्त त्रास डार्विनलाच झाला. मोराच्या पिसाऱ्यातलं पीस पाहिलं की मला मळमळतं, असं त्याने १८६० साली एसा ग्रे या अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञाला लिहिलं होतं. १८७१ साली त्याने उत्तर दिलं: लांडोरीची निवड. बघणारी आवडीने निवडते, म्हणून दिसणं वाढत जातं.

बाभळीवरच्या खोप्यांतही तेच चाललेलं असतं. नाव सुगरण, पण विणतो नर. अर्धा खोपा झाला की तो पंख फडफडवत मादीला बोलावतो. ती येते, आत डोकावते, बसून बघते. पसंत पडला तर पुढची नळी विणली जाते. नाही पडला तर तो तसाच सोडून नर दुसरा सुरू करतो. पावसाळ्याच्या अखेरीला विहिरीवर जाऊन वर पाहिलं तर नळीचे पुरे खोपे दिसतात, आणि त्यांच्या शेजारी टोपीसारखे, अर्धेच राहिलेले, वाळून पिवळे पडलेले दुसरे.