मिश्र माध्यमाची मराठवाड्यातील पार्श्वभूमी

लुगड्याचा तुकडा, गढीची पांढरी माती आणि घरातल्या पेटीत सापडलेला उर्दू कागद हे सारे एकाच फलकावर आणून मिश्र माध्यमात चित्र रचणाऱ्या मराठवाड्यातील कलावंताचे काम समजून घ्यायचे, तर दोन इतिहास शेजारी ठेवावे लागतात.

पहिला इतिहास युरोप-अमेरिकेतला आहे. १९१२ मध्ये पिकासोने वेताच्या विणीचा छाप असलेले मेणकापड चित्रात चिकटवून भोवती दोर गुंडाळला आणि वापरातली वस्तू थेट चित्रात आली. पुढे फ्रेंच चित्रकार आंद्रे मासाँ याने कॅनव्हासवर डिंक ओतून वर वाळू टाकली आणि जी वाळू चिकटून राहिली तिच्या आकारांतून चित्र पुढे नेले. आधी न ठरवता हाताला वाट काढू देण्याची ही रीत अतिवास्तववाद्यांनी, म्हणजे स्वप्न आणि अबोध मनाला महत्त्व देणाऱ्या कलावंतांनी रुजवली. अमेरिकेत रॉबर्ट रॉशेनबर्गने १९५५ मध्ये उशी, चादर आणि रजईवरच रंग ओतले. हाच कलावंत १९७५ मध्ये अहमदाबादला आला आणि तेथे त्याने चिंध्यांचा लगदा व माती कालवून कलाकृती घडवल्या.

चिंध्या आणि माती ही सामग्री मराठवाड्याला मात्र कधीच नवी नव्हती. अजिंठ्याच्या भिंतींवर मातीत भाताचे तूस आणि वनस्पतींचे धागे मिसळून लिंपण केले गेले आणि त्यावर रंग चढले. दौलताबाद-खुलताबाद रस्त्यावरच्या कागजीपुऱ्यात चिंध्यांपासून हातकागद बनवण्याची जुनी परंपरा आहे. माझ्या मते मात्र या वारशाचे सर्वांत जवळचे रूप म्हणजे वाकळ, जुन्या कपड्यांची गोधडी. जुने लुगडे जमिनीवर अंथरायचे, त्यावर विरलेल्या कपड्यांचे थर लावायचे आणि कडेपासून धावदोरा घालत मध्याकडे सरकायचे; आखणी कुठेच नसते, जिथे कापड विरविरीत लागते तिथे हाती येईल तो तुकडा पडतो. तरीही घरातली बाई बोट ठेवून सांगते, हे सासूबाईंचे लुगडे आणि हे थोरल्याचे पहिले अंगडे.

ओळखीचा प्रश्न इथे राजकीय इतिहासातूनही येतो. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता आणि कारभाराची भाषा उर्दू होती, त्यामुळे स्वतःच्याच शेताचा जुना कागद आज कित्येक नातवंडांना वाचता येत नाही. असा कागद चित्रात चिकटवला जातो तेव्हा त्यावरची अक्षरे मजकूर न राहता आजोबांच्या काळाची केवळ खूण उरतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरातील दगड-मातीची घरे भूकंपात कोसळली, हजारो माणसे दगावली आणि अनेक गावे नव्या जागी वसली. त्या भागातल्या माणसाला भिंतीची माती ही आज चित्रातली सामग्री म्हणून हाती घेतानाही केवळ माती वाटत नाही.