प्रदूषित जमिनीत झाडे लावण्याआधी एक हिशेब

एक हेक्टर जमिनीचा वरचा वीतभर थर, म्हणजे साधारण २० सेंटिमीटर, वजनाला किती भरतो? घनमीटरला १.३ टन धरले तर २,६०० टन. या मातीत किलोमागे ३०० मिलिग्रॅम शिसे आहे आणि ते २०० वर आणायचे आहे, असे समजा. म्हणजे एवढ्या जागेतून २६० किलो शिसे बाहेर काढायला हवे. आता तिथे जोमदार पीक घ्या. त्याचा वाळलेला पाला हेक्टरी १० टन भरला आणि त्यात किलोमागे १०० मिलिग्रॅम शिसे उतरले (इतके सहसा उतरतच नाही), तर एका पिकाबरोबर बाहेर जाते फक्त १ किलो. वर्षाला एक पीक घेतले तर काम संपायला २६० वर्षे लागतील.

झाडांकडून माती-पाणी स्वच्छ करून घेण्याच्या, म्हणजे फायटोरेमेडिएशनच्या, प्रत्येक योजनेत हा हिशेब पहिल्या पानावर हवा. तो न मांडताच रोपे लावली जातात आणि चार वर्षांनी तंत्रालाच दोष दिला जातो. तंत्र खोटे नाही. योग्य जागी ते उत्तम चालते, पण ती जागा ओळखावी लागते.

मूळ भेद साधा आहे. डिझेल, कीटकनाशके, विद्रावके हे सेंद्रिय रेणू आहेत. ते तुटू शकतात. शिसे, कॅडमियम, आर्सेनिक ही मूलद्रव्ये आहेत. ती कोणतेही झाड संपवू शकत नाही. झाड ती फार तर मातीतून उचलून पानात नेईल, किंवा मुळांपाशी धरून ठेवेल. म्हणून आधी ठरवायचे: आपल्याला प्रदूषक तोडायचे आहे, उचलायचे आहे, की आहे तिथेच जखडून ठेवायचे आहे?

उचलण्याच्या कामात काही वनस्पती खरोखर थक्क करतात. न्यू कॅलेडोनिया बेटावर पिक्नॅन्ड्रा अॅक्युमिनाटा नावाचा वृक्ष आहे. त्याच्या सालीवर चीर दिली की निळसर हिरवा चीक ओघळतो. तो रंग निकेलचा. चीक वाळवून तोलला तर वजनाचा जवळजवळ चौथा हिस्सा निकेल निघतो. २००१ साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी असाच एक नेचा जगापुढे आणला, टेरिस व्हिटाटा. लाकूड टिकवण्यासाठी आर्सेनिकयुक्त रसायने वापरली गेलेल्या जुन्या, सोडून दिलेल्या जागेवर तो हिरवागार वाढत होता. त्याच्या वाळलेल्या पानांत किलोमागे २०,००० मिलिग्रॅमहून जास्त आर्सेनिक सापडले. बहुतेक झाडे याच्या शंभराव्या हिश्शातही मरतील.

हे त्याला जमते कसे? मातीतले आर्सेनेट, म्हणजे आर्सेनिकचे एक रूप, रचनेने फॉस्फेटसारखे असते. मुळे फॉस्फेट आत घेण्याच्या वाटेनेच त्यालाही आत घेतात. पुढे त्याचे आर्सेनाइट हे दुसरे रूप होते, ते पानांत चढवले जाते आणि पेशींतल्या रसाने भरलेल्या पोकळ्यांत कोंडून ठेवले जाते. म्हणूनच खताचा प्रश्न नाजूक होतो. फॉस्फेट घातले की मातीच्या कणांना चिकटलेले आर्सेनिक सुटते, हा फायदा. पण तेच फॉस्फेट मुळाच्या दाराशी आर्सेनिकशी स्पर्धा करते, हा तोटा. आणि सुटलेले आर्सेनिक नेच्याने उचलले नाही, तर पावसाबरोबर खाली भूजलाकडे निघते. कोणते पारडे जड होईल ते त्या त्या मातीवर ठरते. त्यामुळे खरी लागवड करण्याआधी त्याच जागेची माती भरून सहा ते आठ आठवड्यांचा कुंडीप्रयोग करावा, निम्म्या कुंड्यांत खत घालून आणि निम्म्यांत न घालता. या कुंड्यांचा खर्च वाचवू नये.

नेच्याचा हिशेब शिशापेक्षा बराच सुसह्य आहे. वर्षाला हेक्टरी ४ टन वाळलेली पाने आणि त्यांत किलोमागे ५,००० मिलिग्रॅम आर्सेनिक धरले, तर २० किलो निघते. मातीतले प्रमाण ५० मिलिग्रॅमने उतरवायचे तर १३० किलो काढायचे, म्हणजे साडेसहा वर्षे. प्रत्यक्षात जास्तच लागतात, कारण सैल बसलेला हिस्सा आधी निघतो आणि घट्ट चिकटलेला मागे राहतो. ३० सेंटिमीटर अंतराने लावायचे तर हेक्टरी सुमारे १ लाख ११ हजार रोपे लागतात, आणि नेचा बियांपासून नव्हे तर बीजाणूंपासून हळूहळू वाढतो. रोपांची तयारी बरीच आधी सुरू करावी लागते. कापताना वाढीचा कोंब शाबूत ठेवून पाने घ्यावीत, म्हणजे पुन्हा फुटवा येतो. पिवळी पडेपर्यंत मात्र थांबू नये. गळालेले पान आर्सेनिक परत मातीत टाकते.

मातीचे नमुने घेताना होणाऱ्या चुका पुढे सगळे आकडे बिघडवतात. जागेचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनातून १० ते १५ ठिकाणची माती घेऊन एकत्र करावी. ० ते २० आणि २० ते ४० सेंटिमीटर हे थर वेगळे ठेवावेत. जस्ताचा मुलामा दिलेले फावडे किंवा बादली वापरली तर अहवालात तेच जस्त दिसते. स्टेनलेस स्टील किंवा प्लॅस्टिक बरे. प्रयोगशाळेकडून धातूचे एकूण प्रमाण तर घ्यावेच, पण मुळांना मिळू शकणारे प्रमाण आणि सामू (माती किती आम्ल किंवा अल्क आहे ते सांगणारा पीएच आकडा) हेही मागावेत. एकूण आकडा धोका सांगतो, उपलब्ध आकडा झाडाला काय मिळेल ते सांगतो.

सामूचीही एक गोम आहे. चुना घालून सामू वाढवला की कॅडमियम, जस्त, शिसे मातीत जखडतात. आर्सेनिक मात्र उलट वागते, ते सैल होते. एकाच जमिनीत कॅडमियम आणि आर्सेनिक दोन्ही असतील तर एकावरचा उपाय दुसऱ्याला मोकळे करतो. मिश्र प्रदूषणाच्या जमिनी अवघड जातात त्या यामुळे.

शिशाची २६० वर्षे कमी करण्यासाठी १९९०च्या दशकात मोहरीच्या पिकाला ईडीटीए हे रसायन देऊन पाहिले गेले. ते शिशाला धरून विद्राव्य करते आणि पानांतले प्रमाण खरोखर अनेक पटींनी वाढते. पण ईडीटीए मातीत लवकर विघटित होत नाही, आणि मुळांनी न घेतलेले विद्राव्य शिसे झिरपून खाली जाते. मातीचे प्रदूषण पाण्यात ढकलण्याचा हा मार्ग टाळलाच पाहिजे. शिशाची जमीन असेल तर ते उचलण्याचा हट्ट सोडावा. फॉस्फेट आणि कंपोस्ट घालून शिसे जखडावे, वर धातू सहन करणारे दाट गवत किंवा वाळा लावावा. वाळ्याची मुळे खोल सरळ जातात आणि उतारावरची माती धरून ठेवतात. इथे चांगले झाड म्हणजे जे शिसे वर चढवत नाही ते. धूळ उडणे आणि मातीची धूप थांबली, की माणसांपर्यंत शिसे पोचण्याचे दोन मोठे रस्ते बंद होतात.

सूर्यफुलाची गोष्ट तर दोन ठिकाणी दोन तऱ्हांची झाली. चेर्नोबिलजवळच्या तळ्यात तराफ्यांवर सूर्यफुले लावून मुळे पाण्यात सोडली, तेव्हा त्यांनी विरघळलेले किरणोत्सारी सीझियम आणि स्ट्रॉन्शियम चांगले शोषले. २०११च्या दुर्घटनेनंतर फुकुशिमा परिसरातल्या शेतांत मात्र तीच सूर्यफुले जवळजवळ निरुपयोगी ठरली. झाड तेच, पण तिथे सीझियम चिकणमातीच्या पापुद्र्यांमध्ये अडकून बसले होते. मुळांना ते मिळतच नव्हते.

पाण्याच्या बाबतीत या तंत्राची बाजू जास्त भक्कम आहे, विशेषतः घरगुती सांडपाण्यासाठी. काळ्या, सडक्या अंड्यांसारखा वास येणाऱ्या चिखलातून पाणकणीस उपटून मुळे धुऊन पाहा. भोवतीचा चिखल काळा, पण मुळावर गंजासारखा तांबूस लेप दिसेल. पाणकणसाच्या आत हवेच्या नळ्या असतात. पानातला ऑक्सिजन त्यांतून खाली येतो आणि मुळाबाहेर पाझरतो. त्यामुळे तिथले लोह गंजते. त्या तांबूस लेपावर आर्सेनिक आणि इतर धातू चिकटतात, आणि आसपासच्या ऑक्सिजनवर घाण खाणारे जिवाणू जगतात. सफाईचे बहुतेक काम हे जिवाणूच करतात.

खडी भरून झाडे लावलेला आणि सांडपाणी खडीतून आडवे वाहू देणारा वाफा आखायचा तर उष्ण हवामानात माणशी ३ ते ५ चौरस मीटर जागा धरावी, थंड प्रदेशात याहून जास्त. पाच जणांचे रोजचे ५०० लिटर पाणी असेल आणि २५ चौरस मीटरचा वाफा असेल, तर अर्धा मीटर पाण्याची खोली आणि खडीतली ४० टक्के पोकळी धरून आत ५,००० लिटर मावते. म्हणजे पाणी दहा दिवस मुक्काम करते. मधली खडी १० ते २० मिलिमीटरची, दोन्ही टोकांना ४० ते ८० मिलिमीटरचे दगड, तळाला न गळणारे अस्तर आणि सुमारे १ टक्का उतार. पाण्याची पातळी खडीच्या ५ ते १० सेंटिमीटर खालीच राहायला हवी. उघडे पाणी दिसले की डास आलेच. चौरस मीटरला पाणकणीस किंवा कर्दळीचे चार गड्डे पुरतात. रुजेपर्यंत पातळी वर ठेवून मग हळूहळू उतरवावी, म्हणजे मुळे खोल जातात.

असा वाफा बहुधा तुंबूनच बंद पडतो. आधी गाळ बसवणारी टाकी नसली, किंवा ती वेळेवर उपसली नाही, तर स्निग्ध पदार्थ आणि गाळ खडीच्या पहिल्याच मीटरभरात अडकतात आणि पाणी वरून वाहू लागते. मग बहुधा खडी काढून धुवावी लागते.

जलपर्णीही पाण्यातले नत्र आणि स्फुरद झपाट्याने उचलते, पण ती सतत काढत राहिले तरच. तिच्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असते, त्यामुळे ओल्या शंभर किलोंमागे वाळलेला माल जेमतेम पाच-सात किलो. न काढता सोडली तर ती तिथेच सडते, घेतलेले सगळे परत देते, आणि दाट गालिच्याखालचे मासे गुदमरतात.

कापणीनंतरच्या मालाचे काय करायचे, हे लागवडीआधीच ठरलेले हवे. धातू साठवलेला पाला जनावरांना, चुलीला किंवा खताच्या खड्ड्यात जाता कामा नये. तो झाकून वाळवावा, पावसात भिजू देऊ नये. जाळायचा तर धूर गाळण्याची सोय असलेल्या भट्टीतच, कारण आर्सेनिक आणि कॅडमियम उष्णतेने उडून धुराबरोबर निघतात. निकेलचे तसे नाही. ते राखेत राहते. अल्बेनियात निकेल साठवणाऱ्या रोपांना खत देऊन हेक्टरी सुमारे १०० किलो निकेल मिळवण्यात आले आहे, आणि तिथे ती राख म्हणजे खनिजच समजली जाते.