कातळशिल्पं, दगडी हत्यारं आणि ओळखीचा जुना वाद

दगडात प्राणी दिसला म्हणून तो माणसाने घडवला असं होत नाही. कोकणात सड्यांवर, म्हणजे जांभ्याच्या उघड्या पठारांवर, कोरलेली चित्रं म्हणजे कातळशिल्पं. ओळखीचा हा वाद त्यांच्यावरच्या चर्चेहून जुना आहे. फ्रान्समध्ये बूशे द पेर्त यांनी सॉम नदीच्या गाळातून आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडी काढल्या. १८५९ मध्ये प्रेस्टविच आणि इव्हान्स या इंग्रज अभ्यासकांनी जागेवर जाऊन थर तपासले, तेव्हा कुठे त्या माणसाच्या हातच्या म्हणून मान्य झाल्या. पेर्त यांनीच जमवलेले पशुपक्ष्यांसारखे दगड मात्र मानवनिर्मित म्हणून टिकले नाहीत. उलटी चूकही झाली: स्पेनमधल्या अल्तामिरा गुहेत १८७९ मध्ये सापडलेली खरीखुरी प्राचीन चित्रं बहुतेक विद्वानांनी १९०२ पर्यंत खोटी मानली.

हत्यारांसाठी निदान कसोटी आहे. दगडातून उडवलेल्या छिलक्यावर दिसते ती ठोका मारायची सपाट जागा, तिच्याखालचा फुगवटा, तिथून पसरणाऱ्या लहरी. पण लाटांत आपटणाऱ्या गोट्याचाही असा छिलका उडतो, म्हणून किनाऱ्यावरच्या एका नगावर निकाल देऊ नये. अभ्यासक बार्न्स यांनी १९३९ मध्ये पूर्ण संचात ठोक्याची जागा आणि छिलका उडालेली बाजू यांमधले कोन मोजायला सांगितलं: ९० अंशांहून मोठे कोन चतुर्थांशापेक्षा जास्त भरले, तर ते निसर्गाचं काम समजावं.

सड्यावर अडचण वेगळी. जांभ्याला मुळातच भोकं आणि नळ्या असतात. झिजेची रेघ भोकाभोकाने वाकडी जाते. खोदलेली रेघ भोकं ओलांडून आपली रुंदी सांभाळते. भर दुपारी यातलं काही कळत नाही, तिरपं ऊन हवं. रत्नागिरी जिल्ह्यातल्या कशेळीच्या भल्यामोठ्या कोरलेल्या हत्तीच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेत. तिथे शंकेला जागाच नाही.

खरा वाद काळाचा आहे. शेतीचं चित्रण नाही, म्हणून ही शिल्पं मध्याश्मयुगीन, म्हणजे शेतीआधीच्या शिकारी माणसांच्या काळातली, असं म्हटलं जातं. पण नसलेल्या गोष्टीवर उभा केलेला पुरावा लंगडाच. सिंधुदुर्गातल्या कोळोशीच्या गुहेत दगडी हत्यारं मिळाली, हे मोलाचं आहे. तरी गुहेतला थर उघड्या सड्यावरच्या रेघेचं वय सांगत नाही. २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या कातळशिल्पांचं नाव आलं, तेही वयाचं प्रमाणपत्र नव्हे.

वय काढायला लागतो तो सेंद्रिय कोळसा कातळावर उरत नाही. खाचेत साचलेल्या मातीवर शेवटचा उजेड कधी पडला हे प्रयोगशाळेत काढता येतं, आणि खाच निदान तितकी जुनी ठरते. फोटो स्वच्छ यावा म्हणून नेमकी हीच माती खराट्याने झाडली जाते, वर रेघांत चुना भरला जातो. माती एकदा उन्हात आली की ती तारीख पुसली जाते.