नागपूरच्या दगडांतले शंख आणि खाडीतली टेलिस्कोपियम

नागपुरात 'इथं कधीकाळी समुद्र होता' असं सांगणारे बरेच भेटतात. पुरावा म्हणून टाकळी, सीताबर्डीच्या दगडांत सापडलेल्या शंखांकडे बोट दाखवलं जातं. या दाव्यामागचा इतिहास तपासायचा, तर कांदळवनातली एक गोगलगाय कामी येते.

टेलिस्कोपियम टेलिस्कोपियम (हे तिचं दुहेरी शास्त्रीय नाव) ही खाडीच्या चिखलात राहते. तिचा काळपट, शंकूसारखा शंख १० सेंटीमीटरच्याही पुढे वाढतो. ओहोटीला चिखल उघडा पडला की त्यावरचा सेंद्रिय थर खात ती हळूहळू सरकते. डोक्यावर दोन डोळे असतातच, शिवाय शंखाच्या आतल्या मऊ आवरणाच्या काठावर तिसरा. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ मध्ये तिचं नाव नोंदवलं.

आता नागपूर. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी इथे १८४५ मध्ये आला. ज्याच्या नावाचं कॉलेज आपल्याला ठाऊक असतं, तो हाच. धर्मप्रसारापेक्षा त्याचं दगडांचं काम जास्त टिकलं, असं माझं मत. लाव्हाच्या दोन थरांमध्ये साचलेल्या गाळाच्या खडकांतून त्याने शंख, बिया, किडे गोळा केले आणि १८६० मध्ये शंखांची सविस्तर वर्णनं छापली. नागपूरकडचे शंख, फायसा आणि लिम्निया वगैरे, तळ्या-डबक्यांतले, गोड्या पाण्यातले निघाले. खाऱ्या, निमखाऱ्या पाण्यातले शंखही त्याच लेखात आहेत, पण ते गोदावरीकाठच्या राजमहेंद्रीचे. १८६३ मध्ये टाकळघाटजवळ ओढ्याच्या पुरात हिस्लॉप बुडाला.

तरी प्रश्न तिथे मिटला नाही. शेजारच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या मोहगाव कलानला तशाच खडकांत निपा या ताडाचं फळ सापडलं. निपा आज सुंदरबनसारख्या खाड्यांतच वाढते. के. पी. रोडे यांनी १९३३ मध्ये ते नोंदवलं, आणि १९३७ मध्ये वनस्पती-जीवाश्मांचे अभ्यासक बिरबल साहनींबरोबर तिथल्या वनस्पतींवर लेख लिहिला. म्हणजे मध्य भारतात समुद्राचा एखादा फाटा शिरला असावा का, हा वाद शंखांनी नव्हे, फळाने पेटवला.

मग तिथल्या चिखलात टेलिस्कोपियमचे पूर्वज फिरत होते का? बहुधा नाही. तिच्या कुळाचा वंशवृक्ष डेव्हिड रीड आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये जनुकं आणि जीवाश्म यांच्या आधारे मांडला. त्यानुसार हे कूळ मध्य इओसीन काळापासून, म्हणजे साधारण ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वीपासून, खारफुटीच्या सोबतीने विस्तारत गेलं. नागपूर-मोहगावचे हे खडक ज्यात अडकलेत तो दख्खनचा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा. मोहगावच्या निपाखाली खाडीचा गाळ होता असं धरलं, तरी या कुळाला तिथे पोचायला कोट्यवधी वर्षांचा उशीर झाला.

आज नागपूरचा खारफुटीशी संबंध कागदोपत्री आहे. राज्याच्या वन विभागाचं मुख्यालय इथे सिव्हिल लाइन्समध्ये आहे. २०१२ मध्ये स्थापन झालेला कांदळवन कक्ष त्याच विभागाचा, मात्र त्याचं कार्यालय मुंबईत.